न पोहोचलेला इशारा

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडी ही इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकरांची वाडी झोपेत असताना डोंगर खाली आला. २७ मृतदेह हाती लागले; ५७ माणसे मातीतच राहिली आणि शोधकार्य थांबवावे लागले. त्याआधी दोन वर्षे, २२ जुलै २०२१ रोजी, महाड तालुक्यातील तळियेत ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याही आधी, ३० जुलै २०१४ रोजी, आंबेगाव तालुक्यातील माळीणमध्ये १५१ जण गाडले गेले. ३० जुलै २०२४ च्या पहाटे याच पर्वतरांगेच्या दक्षिण भागात, केरळच्या वायनाडमधील मुंडक्कई आणि चूरलमला येथे, अडीचशेहून अधिक जीव चिखलाने गिळले. मृतांचे पंचनामे त्या त्या राज्याच्या भाषेत झाले. या डोंगरउतारांच्या नाजूकपणाविषयीचा शास्त्रीय इशारा मात्र इंग्रजीत होता, आणि माळीणच्या तीन वर्षे आधीच तो लिहून तयार होता.

केंद्र सरकारने २०१० मध्ये नेमलेल्या आणि ज्येष्ठ परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने आपला अहवाल ३१ ऑगस्ट २०११ रोजी सादर केला. पाचशेहून अधिक पानांचा हा दस्तऐवज सरकारने आधी दाबून ठेवला. माहिती आयोगाचा आदेश आणि न्यायालयाची पायरी, एवढे सोपस्कार पार पडल्यावर मे २०१२ मध्ये तो जनतेसमोर आला. त्या अहवालाचे प्राणतत्त्व एकच होते: कोणत्या डोंगरावर काय करावे आणि काय करू नये, याचा निर्णय दिल्लीत किंवा मुंबईत होऊ नये, ग्रामसभांनी माहिती समजून घ्यावी, चर्चा करावी आणि मर्यादा ठरवाव्यात. सिंधुदुर्गातील २५ गावांनी तर आपला परिसर संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित व्हावा, असे ठराव स्वतःहून केले होते. ज्या माणसांच्या निर्णयाधिकारासाठी हा सारा ग्रंथ सिद्ध झाला, त्यांच्या हाती त्यांच्या भाषेत तो देण्याचे कर्तव्य राज्यसंस्थेने पार पाडले नाही. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, स्वतःला जनतेचा कैवारी म्हणवणाऱ्या चळवळींनीही ते पुरेशा निष्ठेने अंगावर घेतले नाही.

पोकळी निसर्गालाही मानवत नाही आणि समाजालाही. अहवाल पोहोचला नाही तेथे अफवा पोहोचली. घरावर नवे कौल घालता येणार नाही, गोठा बांधता येणार नाही, दारच्या आंब्याची फांदी तोडली तर तुरुंगात जावे लागेल, ही वाक्ये सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना गावोगाव फिरली. ती अस्सल मराठीत होती, छोटी होती आणि पाठ होण्याजोगी होती. अफवेला अनुवादक लागला नाही. पुढे कस्तुरीरंगन समितीने एप्रिल २०१३ मध्ये संवेदनशील क्षेत्राची व्याप्ती पश्चिम घाटाच्या सुमारे ३७ टक्क्यांपर्यंत आणली आणि लोकनिर्णयाचा गाभा जवळजवळ पुसून टाकला, तरीही लोकांच्या मनातील भय ओसरले नाही. २०१४ पासून अधिसूचनेचे सहा मसुदे निघाले. सहाव्या मसुद्यात ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. त्यातील १७,३४० चौरस किलोमीटर महाराष्ट्राचे. तो निघाला ३१ जुलै २०२४ रोजी, वायनाडच्या दुसऱ्या दिवशी. अहवाल जसाच्या तसा अमलात आला असता तर प्रत्येक वाडी वाचली असती, असा दावा कोणी करू नये. परंतु ज्या समाजाला आपल्या पायाखालच्या मातीविषयी त्याच्याच भाषेत कोणी काही सांगत नाही, तो समाज स्वतःला वाचवण्याचा निर्णय घेऊच शकत नाही, हे निर्विवाद आहे.

या अपयशात डाव्या चळवळीचा वाटा मोजल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. याच केरळात १९६२ मध्ये स्थापन झालेल्या केरळ शास्त्र साहित्य परिषदेने ‘विज्ञान सामाजिक क्रांतीसाठी’ हे ब्रीद घेऊन मल्याळममध्ये पुस्तिका काढल्या, गावोगाव व्याख्याने दिली, पथनाट्ये केली. सायलेंट व्हॅलीतील जलविद्युत प्रकल्पाचा प्रश्न तज्ज्ञांच्या टेबलावरून उचलून तिने शाळामास्तरांच्या आणि शेतमजुरांच्या चर्चेत आणला. १९८३ मध्ये तो प्रकल्प सोडून द्यावा लागला. तीस वर्षांनी, नोव्हेंबर २०१३ मध्ये, पश्चिम घाटाच्या संरक्षणाविरुद्ध त्याच राज्यात हरताळ पुकारला तो डाव्या आघाडीनेच. लहान शेतकऱ्याच्या मनातील भीतीला उत्तर देण्याऐवजी तिच्यावर स्वार होणे सोपे होते. इडुक्कीचे तत्कालीन खासदार पी. टी. थॉमस हे काँग्रेसचे. त्यांनी गाडगीळ अहवालाची बाजू घेतली, तर विरोधकांनी त्यांची प्रतीकात्मक प्रेतयात्रा काढली आणि २०१४ मध्ये त्यांच्याच पक्षाने त्यांना उमेदवारी नाकारली. लोकशिक्षणाचे काम एक पिढी थांबले की चळवळीची माणसेही गर्दीच्या मागे चालू लागतात, याचे याहून कठोर प्रमाण शोधण्याची गरज नाही.

महाराष्ट्रात हे अपयश कसे दिसते, ते एका दुपारच्या दृश्यातून सांगता येईल. काही वर्षांपूर्वी कोकणातील एका प्रकल्पाच्या जनसुनावणीला आम्ही उपस्थित होतो. शाळेच्या मैदानावर मांडव, पुढे अधिकाऱ्यांसाठी सोफे, मागे प्लास्टिकच्या खुर्च्या. पडद्यावर इंग्रजी आलेख सरकत होते. मराठीत होता तो काही पानांचा सारांश, स्टेपल केलेला, आणि त्याच्या प्रती पहिल्या दोन रांगांतच संपल्या. एक वृद्धा उठली, ध्वनिक्षेपक तोंडापासून लांबच धरून तिने विचारले, “आमच्या विहिरीला मे महिन्यात पाणी ऱ्हाईल काय?” सल्लागाराने भूजलावर लक्षणीय परिणाम अपेक्षित नसल्याचे सांगितले. ती उभीच राहिली. तिला हो किंवा नाही हवे होते. मग चळवळीचा एक तरुण कार्यकर्ता बोलायला उठला. तो प्रामाणिक होता, अभ्यासू होता. वीस मिनिटे तो नवउदारमतवादी भांडवलशाहीच्या संचयप्रक्रियेवर बोलला. त्यातले एकही वाक्य चुकीचे नव्हते आणि एकाही वाक्यात विहीर नव्हती. म्हातारीने पिशवी उचलली आणि चारची एसटी गाठायला ती निघून गेली. त्या मांडवात सत्ता आणि प्रतिकार या दोघांनीही तिला एकच वागणूक दिली.

शासनाची बाजू आधी तपासू. २००६ च्या पर्यावरणीय परिणाम अधिसूचनेनुसार जनसुनावणीपूर्वी स्थानिक भाषेत द्यावा लागतो तो केवळ सारांश. नदीची, विहिरीची, श्वासाची खरी आकडेवारी ज्या मूळ अहवालात असते, तो इंग्रजीतच राहिला तरी कायद्याचे समाधान होते. मार्च २०२० मध्ये याच अधिसूचनेचा नवा मसुदा आला तो इंग्रजी आणि हिंदीत. संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत त्याचे भाषांतर करा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी दिला, तेव्हा केंद्र सरकार भाषांतरकार नेमण्याऐवजी सर्वोच्च न्यायालयात गेले. कोट्यवधी रुपयांच्या प्रकल्पांचा मसुदा मराठीत आणण्याचा खर्च जड वाटावा, इतके हे राज्य दरिद्री नाही. लोकांना कळू नये, ही सोय जपण्यासाठी ते झाले, असे कोणी म्हटले तर त्याला खोडून काढणारा पुरावा सरकारने अद्याप दिलेला नाही.

महसुली दप्तराची भाषा तर याहून जुनी आणि याहून निर्दय. कोकणातील जांभ्याचा सडा, म्हणजे कातळाचे पठार, सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ म्हणून नोंदला जातो. त्या एका शब्दाने जमीन निरुपयोगी ठरते, स्वस्त ठरते आणि प्रकल्पासाठी मोकळी ठरते. सड्यावर पावसाळ्यात गुरे चरतात, खोलगट जागी नाचणी आणि भात होते, भेगांतून मुरलेले पाणी खालच्या वाड्यांच्या झऱ्यांना पुरते, हे तेथील माणसाला ठाऊक असते, दप्तराला नसते. कोकणातील सड्यांवरची कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेली आणि त्यांपैकीच एक असलेल्या बारसूच्या सड्यावर एप्रिल २०२३ मध्ये रिफायनरीसाठी माती परीक्षणाचे यंत्र पोलीस बंदोबस्तात उभे राहिले. भर उन्हात कातळावर बसलेल्या बायकांची ‘एकच जिद्द, रिफायनरी रद्द’ ही घोषणा महाराष्ट्रभर पोहोचली, कारण ती त्यांची होती. मात्र तिच्यापुढचे वाक्य पोहोचले नाही. रिफायनरी नको, तर मुंबईला पोटासाठी गेलेल्या पोराने परत येऊन काय करायचे? आंबा, मासळी, सडा आणि पाणी यांच्या आधारे कोकणाचा संसार कसा उभा राहील, याचा हिशेब घराघरांत कोणी मांडला? नकार लोकांच्या भाषेत गेला, पर्याय मात्र परिसंवादांतच राहिला.

ही चळवळीची व्याधी आहे आणि तिचे निदान स्पष्ट शब्दांत व्हायला हवे. भांडवलाचा नफा आणि मातीचा ऱ्हास हे एकाच प्रक्रियेचे दोन चेहरे आहेत, हा विचार आज जगभर मांडला जातो. शेतातील सत्त्व शहराकडे वाहून नेणारी आणि मातीला काहीच परत न करणारी व्यवस्था मार्क्सने १८६७ च्या ‘भांडवल’मध्येच ओळखली होती. हा विचार मराठी शेतकऱ्याला परका नाही. शेणखत का थांबले आणि युरियाची गोणी दरवर्षी का वाढली, हे तो कुणाहीपेक्षा अधिक जाणतो. तरी त्याच्यापुढे आपण ठेवतो ते शब्द इंग्रजी प्रबंधातून उचललेले आणि संस्कृत प्रत्यय लावून सजवलेले. ज्या शब्दाला शेत, पगार, पाणी वा आजार यांचा स्पर्श नाही, तो शब्द कितीही क्रांतिकारी असला तरी ज्याच्यासाठी तो उच्चारला त्याच्या दारातून परत येतो.

याच काळात शहरांतील सुस्थित वर्गाने ‘पर्यावरण’ या शब्दाचा ताबा घेतला आहे. आज त्या शब्दाचा लोकमान्य अर्थ उरला आहे तो रोप लावण्याचा कार्यक्रम, प्लॅस्टिकच्या पिशवीविरुद्ध शपथ आणि छायाचित्र. कोणाची जमीन गेली, कोणाच्या फुफ्फुसात धूळ गेली, कोणाच्या वाट्याचे पाणी कोणाच्या उसाला गेले, हे प्रश्न त्या अर्थातून गळून पडले. डाव्यांनी एकेकाळी पर्यावरणाला पोट भरलेल्यांचे चोचले मानले, पर्यावरणवाद्यांनी डाव्यांना गेल्या शतकाचे अवशेष मानले, आणि या परस्पर तुच्छतेत दोघांचाही श्रोता निघून गेला.

तो कोठे गेला, हे पाहणे भयावह आहे. दुष्काळाचा अर्थ कोणी समजावून सांगितला नाही की तहानलेल्या माणसाचा संताप वरच्या गावावर, पलीकडच्या जातीवर, परप्रांतातून आलेल्या मजुरावर वळवता येतो. वणव्याचे आणि वृक्षतोडीचे कारण म्हणून आदिवासीकडे बोट दाखवता येते आणि त्याच जंगलातून जाणाऱ्या खाणीच्या रस्त्याला विकास म्हणता येते. पूर आला की तो देवाचा कोप ठरतो, नदीपात्रातील बांधकाम परवान्यांची यादी कोणी मागत नाही. हवामानाचे संकट समाजाला आपोआप शहाणे करते, हा भ्रम सोडला पाहिजे. अर्थ न लावलेले संकट समाजाला क्रूर करते, आणि अशा क्रौर्याचा उपयोग करून घेणारे नेहमीच तयार बसलेले असतात.

मराठीला हे काम जमत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ सिद्ध केला. जंगलखात्याने कुरणे आणि परती जमिनी ताब्यात घेतल्याने शेतकऱ्याची गुरे कशी उपाशी पडली, हे त्यांनी त्यात मांडले. डोंगरावरून वाहून जाणारे पाणी आणि सत्त्व शेतातच जिरावे म्हणून ताली-बंधारे घालण्याची, त्यासाठी सरकारी पलटणी आणि पोलीस कामाला लावण्याची योजना सुचवली. सत्ता, जात, जंगल, माती आणि पाणी यांचे एकत्र विवेचन मराठीत तेव्हाच झाले. सत्यशोधकांचे जलसे हा विचार वाचता न येणाऱ्यांपर्यंत घेऊन गेले. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. स्टालिनग्राडची लढाई गिरणगावातील कामगाराला आपली वाटली ती अण्णाभाऊंच्या पोवाड्यामुळे. कॉम्रेड गोविंद पानसरे यांनी १९८८ मध्ये एका व्याख्यानाची पुस्तिका केली आणि तिचे नाव ठेवले ‘शिवाजी कोण होता?’ प्रत्येक मराठी घरात उत्तर ठरलेले आहे असे वाटणाऱ्या प्रश्नालाच त्यांनी शीर्षक केले. तिच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या. शेतकरी संघटनेचे शरद जोशी डावे नव्हते. पण चाकणच्या कांद्याचा उत्पादनखर्च मातीत बसून मांडून त्यांनी ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ हे पाच शब्द लाखोंच्या तोंडी दिले. त्यांच्याशी मतभेद असणाऱ्यांनी त्यांच्या या शिस्तीचा तरी अभ्यास करायला हवा होता.

आणि सांगली जिल्ह्यातील येरळा नदीचे उदाहरण तर प्रत्येक कार्यकर्त्याला मुखोद्गत हवे. १९८२ चा गिरणी संप लांबला, तसे खानापूर तालुक्यातील कामगार गावी परतले. गावात दुष्काळ होता. नदी कोरडी पडली होती आणि ठेकेदारांचे ट्रक तिची वाळू उपसून नेत होते. मुक्ती संघर्ष चळवळीने तेथे व्याख्यानांपेक्षा चौकशीने सुरुवात केली: पूर्वी कोणती पिके होती, विहिरी कधी आटल्या, पाऊस कमी झाला की पाणी धरणारी वाळू गेली? गावकऱ्यांनी, अभियंत्यांनी आणि विद्यार्थ्यांनी मिळून उत्तरे शोधली. त्यातून प्रश्न उभा राहिला तो तीन शब्दांचा: नदीतली वाळू कुणाची? भांडवल, राज्यसंस्था, परिसर आणि श्रम या चौघांचाही हिशेब या तीन शब्दांत आहे. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी ठरवले की, ठेकेदाराचा उपसा थांबवायचा, मोजकी वाळू आपण विकायची आणि त्या पैशातून आपले धरण बांधायचे. अभियंते के. आर. दाते यांचे साहाय्य मिळाले, शासनाशी झगडा झाला, श्रमदान झाले आणि बळीराजा धरण उभे राहिले. त्याचे पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणसांच्या प्रमाणात वाटायचे, भूमिहीनालाही हिस्सा द्यायचा, हे तत्त्व लोकांनी स्वीकारले. ‘समन्यायी पाणीवाटप’ हा जड, संस्कृतप्रचुर शब्द पुढे दक्षिण महाराष्ट्राच्या पाणी परिषदांत शेतकरी स्त्रिया सहज उच्चारू लागल्या, कारण त्या शब्दाचा अर्थ त्यांच्या पाटातून वाहणार होता. शब्द अवघड असणे हा दोष नाही. तो अधांतरी असणे हा दोष आहे.

गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड गावाने ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हटले, त्यामागे वर्षानुवर्षे चाललेला अभ्यासगट होता. बाहेरचा माहीतगार यावा, बोलावा, गावाने प्रश्न विचारावेत आणि निर्णय सर्वसंमतीने ग्रामसभेने घ्यावा, ही तेथील रीत. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क त्या गावाला मिळाला, तो या शिक्षणाच्या पायावर. मार्च २०१८ मध्ये किसान सभेचे हजारो शेतकरी, त्यांत बहुसंख्य आदिवासी, वनहक्कांसाठी नाशिकहून मुंबईपर्यंत चालत आले. दहावीच्या परीक्षेला निघालेल्या मुलांचा खोळंबा होऊ नये म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीच पायाखाली घातला. सोललेल्या तळव्यांची ती माणसे आझाद मैदानावर पोहोचली, तेव्हा लाल टोपीकडे संशयाने पाहणाऱ्या मुंबईने त्यांना पाणी, बिस्किटे आणि चपला आणून दिल्या. व्यापक समाजाशी संवाद म्हणजे काय, हे त्या एका रात्रीच्या चालीने अनेक जाहीरनाम्यांहून स्पष्ट सांगितले. परदेशातही अनुभव वेगळा नाही. मार्क्स आणि परिसर यांचा संबंध उलगडणाऱ्या कोहेई सैतो यांच्या २०२० मधील जपानी पुस्तकाच्या पाच लाखांच्या घरात प्रती खपल्या. लोकांना मूलगामी विचार पेलत नाहीत, ही सबब आता टिकणारी नाही.

अशा वेळी महाराष्ट्राच्या विधानसभेने १० जुलै २०२५ रोजी विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. त्यावर बारा हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या होत्या. त्यानंतरच्या मजकुरात रोख ठरला तो ‘कडव्या डाव्या विचारसरणीच्या’ संघटनांवर. हिंसेचा प्रतिकार करण्याचा राज्याचा अधिकार कोणी नाकारत नाही. हिंसेसाठी कायदे आधीपासून आहेत. परंतु विचारसरणीचे नावच जेव्हा कायद्याच्या शब्दांत गुन्ह्याच्या शेजारी बसवले जाते, तेव्हा उद्या नदीतली वाळू कुणाची, असे विचारणाऱ्या तरुणाला आधी आपण कोण नाही, हे सिद्ध करावे लागते. कडवे कोण, हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे, त्याच्याच कारभाराविषयी अनेकदा तो प्रश्न असतो. आणि येथेच चळवळीच्या जुन्या आळसाची किंमत वसूल होते. ‘डावे’ म्हणजे बळीराजा धरण, ‘डावे’ म्हणजे भूमिहीनाला पाण्याचा हिस्सा, हे ज्या समाजाला कधी कोणी सांगितलेच नाही, तो समाज या शब्दाचा सरकारी अर्थ निमूटपणे स्वीकारील.

या उपेक्षेचे परिणाम क्रमाने येतील आणि प्रत्येक परिणाम पुढच्याचा पाया होईल. प्रथम जनसुनावण्या रिकाम्या होतील, कारण कळत नसलेल्या कार्यक्रमाला मजुरी बुडवून कोणी येत नाही. रिकाम्या सुनावणीच्या इतिवृत्तात ‘हरकत नाही’ असे लिहिले जाईल. त्या नोंदीवर परवाने निघतील. डोंगराचे पायथे कापले जातील, सडे भाजीपाल्याच्या भावाने जातील, खाजणे भरावाखाली जातील. मग पाऊस येईल, आणि अलीकडे तो चार दिवसांचा एका रात्रीत येतो. वाड्या कोसळतील, विहिरी आटतील, उरलेली माणसे शहरांच्या पत्र्याखाली येऊन उन्हाळे काढतील. तेथे त्यांना कोणीतरी सांगेल की तुमच्या दुःखाचे कारण तुमच्याच शेजारच्या झोपडीत आहे. त्या टप्प्यावर कोणताही अहवाल, कितीही उत्तम मराठीत, कोणी वाचणार नाही. विवेकाची भाषा वेळेवर शिकवली नाही तर द्वेषाची भाषा शिकवावी लागत नाही.

म्हणून जबाबदारी वाटून दिली पाहिजे, नावानिशी. राज्य शासनाने प्रकल्पाचा संपूर्ण परिणाम अहवाल, केवळ सारांश नव्हे, सुनावणीच्या किमान तीस दिवस आधी मराठीत प्रसिद्ध करावा. गडचिरोलीत गोंडी-माडियात आणि नंदुरबारात भिली-पावरीत तो तोंडी समजावून सांगण्याची व्यवस्था करावी. ज्या सुनावणीपूर्वी हे झाले नाही ती अवैध मानावी. यासाठी नवी संस्था नको, इच्छा हवी. विद्यापीठांनी आपल्या भूगोल, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र विभागांना विचारावे की त्यांच्या परिघातील एका तरी तालुक्याच्या पाण्याचा हिशेब त्या तालुक्याला वाचता येईल अशा मराठीत त्यांनी मांडला आहे काय. वृत्तपत्रांनी, आम्हीही त्यात आलो, दरड कोसळल्याच्या दिवशी पहिले पान द्यायचे आणि परवाना निघाल्याच्या दिवशी चार ओळी, ही सवय मोडली पाहिजे. आणि चळवळींनी प्रत्येक आंदोलनाच्या आरंभी स्वतःला एक कसोटी लावावी: मांडवातून एसटीकडे निघालेल्या त्या म्हातारीला आपण काय सांगणार आहोत? तिच्या विहिरीपासून सुरू होऊन मालकी, नफा आणि सत्तेपर्यंत पोहोचणारा रस्ता दाखवता येत नसेल, तर आपला सिद्धांत अजून आपल्यालाच समजलेला नाही, असे मानून पुन्हा अभ्यासाला बसावे.

यासाठी मुहूर्त शोधण्याची गरज नाही. महाराष्ट्रात १ मे रोजी ग्रामसभा भरते. तो महाराष्ट्र दिन आहे आणि कामगार दिनही. येत्या १ मे रोजी सह्याद्रीतील प्रत्येक ग्रामसभेत गाडगीळ अहवालातील त्या तालुक्यापुरती पाने मराठीत मोठ्याने वाचली जावीत. ग्रामसेवकाने वाचावीत, तो वाचणार नसेल तर शिक्षकाने, तोही नसेल तर लाल, हिरवा, निळा असा कोणताही झेंडा बाजूला ठेवून कार्यकर्त्याने. वाचून झाल्यावर लोकांना विचारावे: आपल्या डोंगराचे, आपल्या पाण्याचे काय करायचे? त्यांचे उत्तर आपल्याला आवडेल किंवा आवडणार नाही, पण ते त्यांचे असेल आणि माहितीवर उभे असेल. त्या ग्रामसभेनंतर घाटावर मोसमी पाऊस यायला पाच-सहा आठवडे उरलेले असतात. घराच्या मागचा उतार एकदा नीट पाहून यायला तेवढे पुरतात.